गायरानावर पाहुणे बोलावण्याआधी : सामायिक जमिनीवर निसर्ग पर्यटन सुरू करू पाहणाऱ्या गावांसाठी

पावसाने हात दिला की श्रावणात बालाघाटाचे माळ हिरवे होतात, ओढे वाहू लागतात आणि रविवारी शहराकडून दुचाकींची रांग लागते. मग पारावर कोणीतरी म्हणतेच, "सौताड्याच्या धबधब्याला एवढी गर्दी होते, मग आपल्या माळाला काय झाले?" बीड जिल्ह्यातील आमच्या गावात ही चर्चा सुरू झाल्यापासून पहिली अधिकृत पावती फाडेपर्यंत तीन वर्षे गेली. त्यातला निम्मा काळ आम्ही कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे वाया गेला. आधी कमान उभारली, मग ठराव केला आणि जमीन कागदावर कोणाची आहे हे सर्वांत शेवटी पाहिले. कमान अर्थातच उतरवावी लागली.

ज्या गावांकडे गायरान, वनक्षेत्र किंवा अशीच वहिवाटीतील सामायिक जमीन आहे आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या हाती न देता गावानेच तेथे छोट्या प्रमाणावर पर्यटन चालवावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या सर्व पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. सामायिक जमीन शहरातून आलेल्या माणसाला रिकामी दिसते, पण ती रिकामी कधीच नसते. पाहुण्याला द्यायची ती गावाच्या वापरातून उरलेली जागा आणि उरलेला वेळ.

१. जमीन कागदावर कोणाची आहे ते आधी पाहा

गावात ज्या माळाला सरसकट 'गायरान' म्हटले जाते, तो कागदावर अनेक तुकड्यांचा निघतो. आमच्या माळाचे चार गट निघाले. दोन गटांवर गायरान अशी नोंद होती, तिसरा वन विभागाकडे होता आणि चौथ्याच्या सातबाऱ्यावर 'खिदमतमाश' हा शब्द होता. चौथ्या गटातच आमची कमान होती.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील जमिनीच्या नोंदींना पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा इतिहास आहे. आजचा सातबारा पाहून थांबू नये. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागवावे, कारण वादाच्या वेळी प्रत्येक कार्यालय तेथूनच सुरुवात करते. त्यामागचे काही कागद उर्दूत असतात. ते वाचून देणारी जुनी माणसे तालुक्याच्या गावी अजून भेटतात, त्यांना योग्य मोबदला देऊन वाचन लिहून घ्यावे.

नोंद कोणती निघते, यावर पुढचा मार्ग ठरतो.

गायरान : ही जमीन शासनाची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार ती गुरचरणासारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली असते आणि बहुतेक ठिकाणी तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. ग्रामपंचायत येथे सांभाळणारी आहे, मालक नाही. कलम २२-अ ने गायरानाचा वापर बदलण्यावर स्पष्ट बंधन घातले आहे, त्यामुळे त्यावर खोल्या, उपाहारगृह किंवा सिमेंटचे कोणतेही पक्के बांधकाम करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पायवाट, माहितीफलक, उचलून नेता येईल असे मचाण आणि राखणदाराची सावली, एवढ्यात भागवावे.

वनजमीन : येथे ग्रामपंचायतीचा ठराव एकटा पुरत नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समिती (वन विभाग आणि गाव यांनी मिळून वन सांभाळण्यासाठीची समिती) असेल तर वन विभागाशी लेखी करार करून काम करता येते. गाव अभयारण्याला लागून असेल, म्हणजे गौताळा औट्रामघाट, नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट किंवा पैनगंगा अभयारण्याच्या शेजारी असेल, तर वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय आणि ग्राम परिस्थितिकीय विकास समितीशिवाय (अभयारण्यालगतच्या गावांसाठीची गावसमिती) एक पाऊलही टाकता येत नाही. तिसरा मार्ग वन हक्क कायद्याचा आहे, त्याविषयी चौथ्या पायरीत लिहिले आहे.

खिदमतमाश, देवस्थान इनाम, वक्फ : ही मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी दिलेली जमीन आहे. गावाची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत असली तरी ती गावाची सामायिक जमीन ठरत नाही. आमच्यासारखी चूक झाली असेल तर संबंधित सेवेकरी कुटुंबाकडे जाऊन माफी मागावी, आणि तो गट नकाशातून वगळावा. वाट काढण्याच्या नादाला लागू नये.

पाझर तलावाचा काठ : तलाव कोणत्या खात्याने बांधला ते पाहून त्या खात्याची लेखी परवानगी घ्यावी. पाण्यात उतरण्याची मुभा मात्र परवानगी मिळाली तरी देऊ नये.

जमवायचे कागद असे :

- सर्व गटांचे सातबारा उतारे आणि फेरफार
- १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक
- गाव नमुना १-अ (वनजमिनींची नोंदवही), १-ब (शासकीय जमिनी) आणि १-ई (अतिक्रमणांची नोंदवही)
- गावनकाशा व गटनकाशा
- वाजिब-उल-अर्ज, म्हणजे चराई, वाट, पाणी यांविषयीच्या गावातील रूढ हक्कांची नोंद (संहितेचे कलम १६५)
- भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा अधिकृत नकाशा

पहिले पाच कागद तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. "सापडत नाही" असे उत्तर मिळाले तर भांडत न बसता माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. ३० दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' असे लेखी उत्तर हाही पुढे उपयोगी पडणारा कागदच असतो. मोजणीचा खर्च वाचवू नये. आमच्याकडे मोजणी झाल्यावर ज्या हिवराच्या झाडाला सारे गाव हद्द मानत होते, ते झाड शेजारच्या गावाच्या शिवारात निघाले.

२. माळावर आधीपासून कोण आहे, त्याची यादी करा

ही पायरी बहुतेक गावे गाळतात, आणि बहुतेक भांडणे येथेच जन्मतात.

एक सकाळ ठरवून शिवारफेरी काढावी. सोबत सरपंच असोत वा नसोत, पण शेळ्या राखणाऱ्या बाया, मेंढपाळ, तांड्यावरची माणसे, सरपण आणणाऱ्या मुली आणि गावातला एखादा म्हातारा गुराखी हे हवेतच. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही सगळे शिकलेले पुरुष होतो आणि अर्ध्या तासात 'येथे काहीच नाही' असे ठरवून परतलो होतो. दुसऱ्या फेरीत एक मावशी होत्या. त्यांनी काठीने एकेक जागा दाखवली : येथे पोळ्यापर्यंत पवन्या गवत राखायचे, या घळीत उन्हाळ्यातही हात-दीड हात खाली पाणी लागते, या दगडांच्या मधोमध टिटवी अंडी घालते म्हणून चैत्रात शेरडे तिकडून न्यायची नाहीत. आम्ही मचाणासाठी निवडलेली जागा त्या घळीच्या तोंडावर होती. मावशींनी काठी टेकवून विचारले, "भाऊ, तुमचं तिकीट बरं आहे, पण वैशाखात आमच्या शेरडांनी पाण्याला जायचं कुठं?" आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. मचाण चारशे पावले वर सरकले, आणि खरे सांगायचे तर तेथून दिसणारा देखावा अधिक चांगला आहे.

या फेरीतून एक साधा तक्ता तयार करावा : कोणती जागा, कोण वापरते, कोणत्या महिन्यात, कशासाठी. हाच तक्ता पुढे ठरावाला जोडायचा आहे.

आता नाजूक विषय. मराठवाड्यात अनेक गावांच्या गायरानावर भूमिहीन कुटुंबे, विशेषतः दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातील कुटुंबे, कित्येक दशके शेती करून पोट भरत आहेत. भूमिहीनांच्या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहांपासून हा प्रश्न येथे जिवंत आहे. अनुसूचित जाती-जमातींची १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याविषयी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. दुसऱ्या बाजूला, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय निर्णयानुसार दिलेल्या जमिनींसारखे अपवाद मानले आहेत, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

पर्यटनाची योजना निघाली की गावातील काही जणांना अचानक निसर्गाची आठवण होते आणि 'आधी अतिक्रमण काढा' अशी मागणी पुढे येते. या मागणीला योजनेत स्थान देऊ नये. कसणाऱ्यांचे हक्क ठरवणे हे महसूल यंत्रणेचे काम आहे, पर्यटन समितीचे नाही. कसलेला तुकडा आपल्या नकाशात 'वापरात' म्हणून दाखवावा आणि पायवाट त्याला वळसा घालून न्यावी. एवढ्या एका निर्णयामुळे आमच्याकडील दोन वस्त्या विरोधातून सहभागात आल्या. आज आमच्या चार वाटाड्यांपैकी दोघे तेथील आहेत.

३. ग्रामसभेचा ठराव : तारीख, गणपूर्ती आणि शब्द

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला हजर हवीत अशी किमान माणसे, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. येथेच पहिला सापळा आहे. तहकूब सभेत पंधरा माणसांनी केलेला ठराव कायद्याने टिकेलही, पण माळावर टिकणार नाही.

दुसरा सापळा तारखेचा आहे, आणि तो आपल्या भागाचाच आहे. दसरा झाला की उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. बीड, धाराशिव, जालना येथील कित्येक वस्त्यांमध्ये त्या काळात म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच उरतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गायरानाचा निर्णय घेणे म्हणजे ज्यांची जनावरे गायरानावर सर्वाधिक अवलंबून आहेत त्यांना वगळून घेणे. आम्ही नेमके तेच केले होते. एप्रिलमध्ये ऊसतोड कामगार परतले, त्यांनी ठरावाची प्रत मागितली आणि पुढचे चार महिने आम्ही तो ठराव गुंडाळण्यात घालवले. निर्णयाची सभा १ मे किंवा १५ ऑगस्टची ठेवावी. त्याआधी महिला सभा घ्यावी, आणि ती केवळ सह्यांपुरती न घेता दुसऱ्या पायरीतील तक्ता तेथे मोठ्याने वाचावा.

नोटीस फलकावर लावून थांबू नये; तांड्यावर आणि वस्त्यांवर दवंडी द्यावी. इतिवृत्त लिहिताना 'पर्यटन विकास करण्यास सर्वानुमते मंजुरी' असे मोघम वाक्य टाळावे. ठरावात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : गट क्रमांक व क्षेत्र, वापराचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडल्याचा उल्लेख, चराई व पाण्याचा हक्क अबाधित असल्याचे वाक्य, कोणतेही पक्के बांधकाम होणार नाही याची नोंद, समितीची रचना आणि मुदत, पैसे कोणत्या खात्यात जमा होतील, आणि ठराव रद्द करण्याचा ग्रामसभेचा अधिकार. सभा संपण्यापूर्वी लिहिलेला मजकूर वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. ग्रामसेवकांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. रात्री घरी बसून लिहिलेल्या इतिवृत्तात चांगल्या माणसाकडूनही शब्द बदलतात.

कोणी गुंतवणूकदार 'गायरान भाड्याने द्या, गावाला दरवर्षी ठरावीक रक्कम देतो' असे म्हणत आला, तर त्याला पहिल्याच भेटीत सांगावे की ग्रामपंचायतीला स्थावर मालमत्ता परस्पर भाड्याने देता येत नाही, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि गायरानाच्या बाबतीत महसूल खात्याचा प्रश्न वेगळाच. आमच्याकडे आलेले गृहस्थ हे ऐकून चहा न घेताच गेले.

४. समिती कोणती, हे जमिनीवरून ठरवा

नवी समिती काढण्याची हौस आवरावी. गावात आधीच कागदावर असलेल्या समित्या मोजल्या तर बोटे पुरत नाहीत. गायरानासाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खालील ग्राम विकास समिती योग्य ठरते, कारण ती ग्रामसभेला उत्तरदायी असते. तिच्या जोडीला जैवविविधता व्यवस्थापन समिती जागी करावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असणे आवश्यक आहे आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील झाडे-प्राण्यांची नोंद, बहुतेक गावांत कपाटात पडलेली असते. ती काढून वाचावी. आमच्या नोंदवहीत मराठवाड्यात कधी न उगवणारी झाडे लिहिलेली होती. ती कोठून उतरवली होती हे आम्ही विचारले नाही; नव्याने लिहिली. ती लिहितानाच कोणते पक्षी, गवते आणि वनस्पती पाहुण्यांना दाखवायच्या आणि लांडग्याची गुहा, घुबडाचे घरटे किंवा औषधी कंदांची जागा यांसारख्या कोणत्या गोष्टी मुळीच सांगायच्या नाहीत, हे ठरून जाते.

गाव वनालगत असेल आणि वनावर पूर्वापार अवलंबून असेल, तर वन हक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनसंपत्तीवरील हक्काचा दावा करता येतो. किनवट आणि माहूर तालुक्यांतील गोंड, कोलाम, आंध समाजाच्या गावांसाठी हा मार्ग सर्वांत भक्कम आहे. तेथे अनुसूचित क्षेत्र असल्याने पेसा कायद्याचेही (आदिवासी भागातील ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) बळ मिळते. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथील वास्तव्य सिद्ध करावे लागते. दाव्याचे टप्पे असे : ग्रामसभा १० ते १५ सदस्यांची वन हक्क समिती निवडते, समिती पुरावे व नकाशा तयार करते, ग्रामसभा ठराव करते, मग दावा उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. येथील गणपूर्ती ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेपेक्षा फार कडक आहे : ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. शंभर सह्यांवर पाठवलेले दावे याच कारणाने परत येतात.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. त्या घोषणेमागे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यास गटात बसून विषय समजून घेण्याची वर्षानुवर्षांची सवय होती, हे कमी सांगितले जाते. आम्ही त्यांच्याकडून ती सवय घेतली : कोणताही नियम ग्रामसभेत नेण्यापूर्वी दोन संध्याकाळी देवळात बसून तो वाचायचा. निम्मे नियम तेथेच गळतात.

एक इशारा. सामूहिक वन हक्क मिळाला म्हणजे वनात बांधकामाची मोकळीक मिळाली असे नव्हे. त्या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याचा पुरवठा यांसारख्या १३ सुविधांची यादी आहे. पर्यटन निवास त्या यादीत नाही.

५. नियम : कधी उघडायचे, किती माणसे, कोणते पाणी

साताऱ्याच्या कास पठारावर स्थानिक समित्या शुल्क घेऊन प्रवेश सांभाळतात आणि दिवसाला ३,००० जणांची मर्यादा ठेवलेली आहे. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. आपल्या माळाची मर्यादा तीन गोष्टींवरून काढावी : वाहने कोठे उभी राहतील, शौचालये किती आहेत, आणि एका वाटाड्यामागे किती माणसे असतील. आमच्याकडे एका वाटाड्यामागे १२ माणसे, दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे ९६ माणसांवर फाटक बंद. पहिल्या हंगामात मर्यादा नव्हती. एका रविवारी वाहने पिकात शिरली, आणि ज्याचे सोयाबीन तुडवले गेले तो शेतकरी समितीचा सदस्य होता हे आमचे नशीब.

हंगाम जुलैच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ठेवावा. फेब्रुवारीपासून गवत वाळते आणि एका विडीने डोंगर पेटतो; त्याआधीच जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढून घ्याव्यात. मार्च ते जून माळ टिटवीचा, चंडोलाचा आणि तहानलेल्या जनावरांचा असतो. टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसे आपल्या गावात अजून आहेत; त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याविषयी कठोर असावे. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, त्या गावाने पाहुण्याला अंघोळीच्या फवाऱ्याचे आश्वासन देऊ नये. पिण्याला माठातले पाणी, हात धुवायला लोटा, मुक्कामाला एक बादली; आणि ही गोष्ट नोंदणीच्या वेळीच सांगावी. नाराज होणारा पाहुणा न आलेलाच बरा.

सीताफळांचा प्रश्न आम्हाला अनपेक्षित होता. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि डोंगरातील झाडांची फळे वेचून विकणाऱ्या बायांचे दिवाळीचे पैसे त्यातून येतात. पाहुण्यांना मात्र ती 'रानातली फुकटची' वाटतात. आता वाटाड्या निघतानाच सांगतो की हात लावायचा नाही, आणि परतीच्या वाटेवर त्याच बाया टोपली घेऊन बसतात.

घोणस आणि फुरसे हे माळाचे कायमचे रहिवासी आहेत. बुटाशिवाय प्रवेश देऊ नये, आणि सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे याची चौकशी दर महिन्याला फोन करून करावी. मागच्या महिन्यात होते म्हणून या महिन्यात असेलच असे नाही.

६. मुक्काम आणि जेवण गावठाणात

मुक्काम माळावर नको, घरांत हवा. पर्यटन संचालनालयाची निवास व न्याहारी योजना घरातील खोल्यांसाठी आहे, आणि स्वतःच्या शेतावर सोय करणाऱ्यांसाठी २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. दोन्हींची नोंदणी त्या त्या कुटुंबाच्या नावावर होते, समितीच्या नाही. जेवण देणाऱ्या प्रत्येक घराने अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. वेरूळ-अजिंठ्याकडे आलेला परदेशी पाहुणा कधीतरी वाट वाकडी करून येतोच. तो मुक्कामी राहिल्यास त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते.

घरे कोणती, हे पाळीने ठरवावे. ज्याचे घर रस्त्यावर आणि ज्याची फरशी चकचकीत, त्याच्याकडेच पाहुणे जाऊ लागले की सामायिक माळाचे उत्पन्न चार घरांत मुरते. जेवणाचा ताटाला एकच दर असावा, आणि ताटात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे असे जे घरात शिजते तेच असावे. पनीर मागणाऱ्याला तालुक्याच्या गावी हॉटेले आहेत.

७. पैसा

पहिल्या हंगामात आम्ही एका होतकरू मुलाच्या मोबाइलवर पैसे घेतले. मुलगा प्रामाणिक होता, हिशेब चोख होता, आणि तरीही अर्ध्या गावाचा त्यावर विश्वास बसला नाही. त्या मुलाने मनस्ताप करून घेऊन काम सोडले. ही चूक आमची होती, त्याची नव्हती.

समितीचे स्वतंत्र बँक खाते दोन सह्यांचे असावे आणि त्यांतील एक सही महिला सदस्याची असावी. स्कॅन करण्याचा कोड त्याच खात्याचा असावा. रोखीसाठी अनुक्रमांक छापलेली पावती पुस्तके घ्यावीत आणि पुस्तक हाती देताना नोंदवहीत सही घ्यावी. प्रवेश शुल्क आणि वाहनतळाची फी ग्रामपंचायतीच्या ठरावाने ठरलेली असावी; ठराव नसताना घेतलेला पैसा हा खंडणीच्या आरोपाचे निमंत्रण असते.

वाटाड्याची मजुरी त्याच दिवशी द्यावी. उरलेल्या रकमेतून पहिला हिस्सा जनावरांच्या पाण्याच्या हौदाला आणि गवताच्या बियाण्याला, दुसरा राखणीला, आणि त्यानंतर उरले तर बाकीच्या कामांना, असा क्रम आम्ही ठरावातच लिहिला. मंदिराच्या सभामंडपाला देणगी द्यावी अशी सूचना दरवर्षी येते. दरवर्षी मावशी उभ्या राहतात आणि हौदाला भेग पडल्याची आठवण करून देतात. भेग खरोखरच पडलेली असते.

हिशेब १ मेच्या ग्रामसभेत वाचावा, कारण तेव्हा ऊसतोडीवरून माणसे परतलेली असतात. बेरजा सांगून भागवू नये. पावती क्रमांक कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत गेले, हे आधी सांगावे.

८. बंद ठेवण्याची तयारी

उघडण्यापेक्षा बंद ठेवणे अवघड असते, म्हणून राखणदाराचे मानधन बारा महिन्यांचे धरावे. आम्ही पहिल्या वर्षी सातच महिन्यांचे धरले होते, आणि फाल्गुनात माळावर कोणीच नव्हते. दुसऱ्या वर्षी फलकावर गोणपाट बांधले, फाटकाला साखळी लावली आणि भ्रमणध्वनीवर 'जुलैनंतर या' असा संदेश ठेवला, तरी होळीच्या सुमारास तीन गाड्या आल्याच. राखणदार सावलीत बसलेला होता. त्याने त्यांना माठातले पाणी पाजले, टिटवीच्या ओरडण्याकडे लक्ष वेधले आणि गाड्या तेथूनच वळवून घ्यायला सांगितल्या.